७२ एमबी दिले, दिसले ७

जुना डॉस प्रोग्राम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवायचा होता. मूळ मशीनमध्ये ६४ आणि ८ एमबीची रॅम होती, म्हणून इथेही ७२ दिली. लगेच तक्रार: किमान ८ एमबी एक्स्टेंडेड मेमरी (पहिल्या एक एमबीच्या वरची रॅम) हवी!

एम्युलेटर ओपन सोर्स, त्यामुळे कारण पटकन सापडलं. मेमरी किती मोकळी आहे हे प्रोग्राम एक्सएमएसच्या (ही मेमरी वाटून देणाऱ्या सोयीच्या) ०८एच क्रमांकाच्या फंक्शनला विचारतो आणि उत्तर प्रोसेसरच्या १६ बिटांच्या एएक्स रजिस्टरमध्ये, केबीत येतं. त्यात ६५,५३५ च्या वरचा आकडा मावत नाही. ७२ एमबी म्हणजे ७३,७२८ केबी; त्यातून पहिला एक एमबी आणि त्याला लागून असलेल्या एचएमए या राखीव भागाचे ६४ केबी वजा जाता ७२,६४० उरत होते. वरचे बिट कापले गेले, म्हणजे ६५,५३६ वजा झाले, आणि प्रोग्रामच्या हाती आले ७,१०४.

डोकं फिरलं ते बग नोंदवल्यावर. "माझ्याकडे १२८ एमबीवर नीट चालतंय," एवढंच एम्युलेटरच्या डेव्हलपरचं उत्तर, आणि नोंद बंद. अहो, १२८ वर चालणारच! १,२९,९८४ मधून ६५,५३६ गेले की ६४,४४८ राहतात, म्हणजे ६४ एमबी दिल्यावर दिसतो अगदी तोच आकडा. निम्मी मेमरी गायब, पण प्रोग्रामचं भागतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हे सविस्तर लिहिलं, तर तो म्हणे कंपायलर काही वॉर्निंग देत नाही. कशी देईल? त्या ओळीत १६ बिटांचा कास्ट, म्हणजे आकडा १६ बिटांत बसवण्याचा हुकूम, स्पष्ट लिहिलेला आहे. कास्ट केला की जीसीसी कंपायलरची कन्व्हर्जन वॉर्निंगही गप्प बसते आणि क्लँग कंपायलरचा, प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारा सॅनिटायझरही. असे बग शोधायचे तर आधी कास्टच शोधा.

शेवटी वाद सोडला. ०८एचला विचारून आकडा छापणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि एकेक एमबी वाढवत तक्ता केला. ६५ वर ६५,४७२. ६६ वर एकदम ९६०. तो जोडल्यावर मात्र नोंद मुकाट्याने पुन्हा उघडली गेली. फार बरं वाटलं.

दुरुस्ती सोपी आहे: आकडा ६५,५३५ वर थोपवायचा. एएक्सबरोबर डीएक्स रजिस्टरलाही, कारण एएक्समध्ये सर्वांत मोठा सलग मोकळा तुकडा येतो आणि एकूण मोकळी मेमरी डीएक्समध्ये. हेच विचारायचं दुसरं फंक्शन, ८८एच, ३२ बिटांचं आहे, त्याला मर्यादा घालू नका.

आणि हो, मेमरी राखून देणाऱ्या ८९एच फंक्शनकडे ६६,००० केबी मागून बघाच. आत तोच कास्ट असेल तर ४६४ केबीच राखून "दिली" म्हणून सांगतं, आणि प्रोग्राम बिनधास्त पलीकडच्या ब्लॉकवर लिहीत सुटतो. तेही मी त्याच पॅचमध्ये घातलं.