लिनक्सवर वायफाय चालू करून देता देता… आमची वाटचाल

आमचं काम तसं साधं, छोट्या ऑफिसांना आणि क्लासेसना विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकून द्यायची आणि पुढे सपोर्ट द्यायचा. सुरुवातीला वाटलं होतं प्रिंटर आणि जुन्या फायली उघडण्याच्याच तक्रारी जास्त येतील, पण फोन यायचे ते वायफायचे. सगळं छान चालतंय हो, फक्त नेटवर्कच दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर ज्या मशीनवर नेट नाही ते मशीन लोकांच्या दृष्टीने बंदच, मग बाकी सिस्टीम कितीही चांगली असू दे.

तेव्हा परिस्थितीही अवघड होती. वायफायच्या बऱ्याच चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हरच (चिप सिस्टीमला जोडणारा प्रोग्रॅम) नव्हता म्हणून विंडोजचा ड्रायव्हर एनडिसरॅपर नावाच्या टूलमधून चालवायचा, चालला तर चालला. ब्रॉडकॉमच्या चिपचं काम काही हौशी मंडळींनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून शोधून काढलं आणि त्यातून बी४३ हा ड्रायव्हर २००८ च्या जानेवारीत कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२४ सोबत आला, त्या लोकांबद्दल मला आजही फार आदर वाटतो. तरी फर्मवेअर (खुद्द चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर) वाटायची परवानगी नव्हती त्यामुळे कंपनीचा ड्रायव्हर वेगळा डाऊनलोड करून त्यातून ते एफडब्ल्यूकटर या टूलने काढावं लागायचं, म्हणजे वायफाय चालू करायला आधी नेट पाहिजे. त्यासाठी लॅनची केबल आमच्या बॅगेत कायम असायची, आता फोनचं यूएसबी टेदरिंग पुरतं.

आमचा धंदा टिकला तो एका सवयीमुळे असं मला वाटतं. आधी चिप ओळखायची, मग हात लावायचा. खोक्यावरचं मॉडेलचं नाव काही कामाचं नाही, कारण एकाच नावाच्या यूएसबी डोंगलमध्ये व्हर्जन १ ला एक चिप आणि व्हर्जन २ ला दुसऱ्याच कंपनीची चिप असू शकते. एलएसपीसीआय या कमांडला डॅश एनएनके लावून (lspci -nnk) चालवलं की आयडी दिसतो (डोंगल असेल तर एलएसयूएसबी), आतल्या पीसीआय कार्डावर त्यातला कंपनीचा भाग ब्रॉडकॉम १४ई४, इंटेल ८०८६, रियलटेक १०ईसी, आणि पीसीआय कार्ड असेल तर खालीच कोणता ड्रायव्हर वापरात आहे ती ओळ असते. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर कार्डाला लागलेलाच नाही. ओळ आहे पण नेटवर्क नाही, तर डीमेसेज (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) वाचायचं. तिथे फर्मवेअर लोड फेल, एरर उणे २ असं दिसलं तर ती फाईलच डिस्कवर नाही एवढाच त्याचा अर्थ, लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट करा, बहुतेक वेळा काम होतं. आणि आरएफकिल (वायफाय कुठे बंद करून ठेवलंय का ते सांगणारी कमांड) बघायला विसरू नका, सॉफ्ट ब्लॉक असेल तर कमांडने निघतो, हार्ड ब्लॉक म्हणजे लॅपटॉपचं बटण किंवा बायोसची सेटिंग, तिथे सॉफ्टवेअरने काहीच होत नाही.

आमच्याकडे येणारी निम्मी अवघड मशीन्स ही आधी कुणीतरी इंटरनेटवरच्या कमांड एकामागून एक पेस्ट केलेली असतात. एका क्लासचे सगळे लॅपटॉप कर्नल अपडेट झाल्यावर एकदम नेटबाहेर गेले होते, कुठूनतरी ड्रायव्हर आणून हाताने कंपाईल करून टाकलेला, डीकेएमएस (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप परत बनवणारी सोय) नाही, त्यामुळे नव्या कर्नलसाठी तो परत बनलाच नाही. आम्ही तो काढला, थोडं नवीन कर्नल टाकलं आणि त्यातलाच रियलटेक चिपचा आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर लागला. हा ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नल ५.२ पासून आत आलाय आणि नंतर त्यात चिप वाढत गेल्या, त्यामुळे आमचं मत पक्कं आहे की कर्नलमध्ये ड्रायव्हर असताना बाहेरचा टाकू नये. टाकावाच लागला तर डीकेएमएसमधून, कर्नल हेडर्ससकट (ड्रायव्हर बनवताना लागणाऱ्या कर्नलच्या फायली).

आणि सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय. बाहेरून बनवलेल्या मॉड्यूलवर (म्हणजे ड्रायव्हरवर) डिजिटल सही नसेल तर कर्नल तो घेत नाही, सहीची की (किल्ली) तयार करून मॉकमध्ये, म्हणजे मशीनच्या मालकाच्या किल्ल्यांच्या यादीत, नोंदवावी लागते, त्यासाठी रीस्टार्टनंतर एक निळी स्क्रीन येते आणि घाईघाईत लोक तिथे कंटिन्यू दाबतात, मग की नोंदवलीच जात नाही आणि दोष ड्रायव्हरला. सिक्युअर बूट बंद करून टाका असा सल्ला सर्रास मिळतो, आम्ही तो देत नाही, फोनवर थांबून की नोंदवून घेतो.

कधी कधी कार्ड बदलणं हेच बरोबर असतं, आणि गिऱ्हाईकाला ते स्पष्ट सांगायला पाहिजे. फक्त नीट बघून. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला सारखंच, पण २०१ चं अर्धं काम इंटेलच्याच प्रोसेसरच्या बाजूला होतं, एएमडीच्या मशीनमध्ये ते चालणार नाही, २०० चालेल. आता बरेच जण खरेदीच्या आधीच विचारतात, आणि या सल्ल्यातूनच आमची जास्त जुनी नाती जमली आहेत.

जून २०२३ ला डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) १२ आलं, त्यात फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळायला लागलं आणि आमचे पहिल्या दिवसाचे फोन खरंच कमी झाले. आता तक्रारी वेगळ्या, स्लीपमधून उठल्यावर कार्ड गायब, मधेच स्पीड पडतो. स्पीडसाठी आम्ही आधी आयडब्ल्यू या कमांडने पॉवर सेव्ह (कार्डाची वीजबचत) बंद करून बघतो, फरक पडला तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्ह २ (म्हणजे बंद) कायमचं लिहून ठेवतो. ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही. आणि मशीन परत देताना चिपचा आयडी, ड्रायव्हर, कर्नलचं व्हर्जन आणि आम्ही काय बदललं ते एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये डेस्कटॉपवर ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी आम्ही असू किंवा दुसरं कुणी, त्याला तिथून पुढे बघता येतं.