बैलाची पावती

जुन्या कागदांची डागडुजी हे माझं काम. दुसऱ्या महायुद्धातली पत्रं माझ्याकडे अधूनमधून येतात, पण बहुतेक एकाच बाजूची: जवानाने घरी पाठवलेली. घरून त्याला गेलेली सहसा उरत नाहीत. लढाईच्या धावपळीत, पावसाचिखलात ती जपणार कशी? म्हणून एका कुटुंबाने आणलेल्या पुडक्यात दोन्हीकडची पत्रं निघाली, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मुलगा जिवंत परतला होता आणि वडिलांची पत्रं सोबत घेऊन आला होता.

तो मराठा पलटणीतला. सप्टेंबर १९४३ मध्ये आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत तारांतोला उतरलेला. त्याचं सगळं लेखन कॉपिंग पेन्सिलीचं. कोरडी असताना ही पेन्सिल करडी दिसते, पण तिच्यात रंग मिसळलेला असतो. पाण्याचा थेंब पडला की अक्षर जांभळं होऊन पसरतं. म्हणजे कागद धुणं बाद. मऊ ब्रशने धूळ काढली, फाटलेल्या घड्या जपानी टिश्यूने, म्हणजे पातळ पण चिवट कागदाने, सांधल्या. वडिलांची पत्रं मोडी लिपीत, काळ्या शाईची, अजून ठसठशीत.

तारखेप्रमाणे लावली तर बोलणं जुळेना. वडील ताप उतरला का विचारतात, मुलाच्या पुढच्या पत्रात तापाचं नावही नाही. टपाल वाटेतच असायची. मग कोणतं पत्र हाती पडल्यावर कोणतं लिहिलं गेलं, त्या क्रमाने लावली.

तेव्हा बैलाची गोष्ट उलगडली. हात आखडला आहे, बैल विकावा म्हणतो, असं वडिलांनी लिहिलेलं. मुलाने कळकळीने कळवलं की विकू नका, मनिऑर्डर करतो. पुढे वडिलांचं उत्तर: पैसे पोचले, बैल बरा आहे. पुडक्यातच गुरांच्या बाजारातली विक्रीची पावती होती. तिच्यावरची तारीख मुलाच्या त्या पत्राच्याही आधीची! लष्करी सेन्सॉर गावांची नावं खोडायचा. या बापाने मात्र आपल्याच घरची बातमी मुलाच्या जिवासाठी दडवली. मी बराच वेळ दुसरं पत्र उघडलं नाही.

घरच्यांना पावती फुटकळ वाटत होती, ती ठेवायची नव्हती. मी आग्रहच धरला. आता ती ‘बैल बरा आहे’ म्हणणाऱ्या त्या पत्रामागे, वेगळ्या आम्लमुक्त पाकिटात आहे, आणि यादीत तिची नोंद पत्रांबरोबरच केली आहे.