बार्शी लाइट रेल्वेचा मालवाहू नमुना : कुर्डुवाडीचा ट्रान्सशिपमेंट धक्का पूर्ण

बार्शी लाइट रेल्वे या कुर्डुवाडी–बार्शी भागातल्या जुन्या अडीच फुटी नॅरोगेज रेल्वेच्या मालवाहतुकीचा १:८७ प्रमाणातील नमुना उभारण्याच्या कामाचा एक टप्पा या आठवड्यात पुरा झाला. कुर्डुवाडीचा ट्रान्सशिपमेंट धक्का, म्हणजे एका गेजच्या वाघिणीतून दुसऱ्या गेजच्या वाघिणीत माल हलवण्याचा फलाट, त्याच्या दोन्ही बाजूंचे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज रूळ, तसेच मालवाघिणींची पहिली रांग आता जागेवर आहे. या रेल्वेचे इंजिन सर्वांनाच आवडते, त्यामुळे बहुतेक जण नमुन्याची सुरुवातही इंजिनापासून करतात. माझ्या मते मात्र या रेल्वेचा विचार करणाऱ्याने आधी वाघिणीच्या आसाकडे, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या दांड्याकडे, पाहिले पाहिजे, कारण तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ही संपूर्ण रेल्वे एका आसावर किती भार द्यायचा या एका प्रश्नाभोवती रचलेली आहे.

जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबई–पुणे–सोलापूर मार्ग १८६० च्या सुमारास तयार झाला, परंतु तो बार्शीच्या पेठेपासून २१ मैल दूर राहिला. बार्शीच्या बाजारातला कापूस आणि गळिताची धान्ये बैलगाड्यांनी मुख्य मार्गावरील बार्शी रोड स्थानकापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आणावी लागत. जी. आय. पी. मध्ये नोकरीला असलेल्या कॅलथ्रॉप यांनी या पट्ट्यात अडीच फुटी मार्गाची कल्पना मांडून ती चिकाटीने पुढे रेटली. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली, कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता झाले आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन हा मार्ग वाहतुकीस खुला झाला.

त्यांचा हिशेब आजही थक्क करतो. इंजिन असो, प्रवासी डबा असो वा भरलेली वाघीण असो, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. एवढे बंधन पाळले की दर यार्ड (तीन फूट) लांबीला अवघे ३० पौंड वजनाचे रूळ पुरतात, आणि रूळ हलके झाले की मार्गाचा भांडवली खर्चच खाली येतो. त्या काळच्या बहुतेक हलक्या रेल्वेंनी खर्च वाचवण्यासाठी वाघिणी लहान केल्या, पण भाड्याचे उत्पन्न देणारी गोष्ट वाघीणच असल्यामुळे ती काटकसर त्यांच्याच अंगावर आली. कॅलथ्रॉप यांनी वाघीण मोठीच ठेवली आणि तिचा भार चार आसांवर सारखा वाटून दिला. दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यावरची त्यांची मालवाघीण २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद होती, आणि उघडी असो वा बंद, सर्व मालवाघिणींसाठी हाच एक सांगाडा वापरला गेला. ही सामग्री लीड्स फोर्ज कंपनीने बनवली आणि लीड्सजवळ न्यूले येथे खास चाचणीमार्ग टाकून ती अभियंत्यांना चालवून दाखवण्यात आली.

नमुना करताना हे आकडे हाताला जाणवतात. १:८७ मध्ये ही वाघीण सुमारे ८७.५ मिलिमीटर लांब आणि २४.५ मिलिमीटर रुंद होते. मूळ अडीच फुटी (७६२ मिलिमीटरचा) गेज या प्रमाणात ८.७६ मिलिमीटर येतो, त्यामुळे एन गेज या छोट्या नमुना-रेल्वेच्या प्रकारातली तयार ९ मिलिमीटरची बोगी (वाघिणीखालचा चाकांचा संच) जवळजवळ नेमकी बसते आणि डोळ्यांना फरक कळत नाही. वाघिणीची रुंदी रुळांमधील अंतराच्या २.८ पट आहे, तर आपल्या ब्रॉडगेजवर हे प्रमाण दुपटीच्या आसपासच राहते. रिकामा सांगाडा रुळावर ठेवल्यावर दोन्ही बाजूंना रुळांबाहेर जो बराच भाग आलेला दिसतो, तोच या गाडीची खरी ओळख आहे. सर्व सांगाडे मी स्टायरीन या प्लास्टिकच्या पत्र्यातून एकाच साच्यावर कापले असून प्रत्येक वाघिणीचे वजन शिशाचे तुकडे घालून सारखे केले आहे. मूळ रेल्वेचे तत्त्व इथेही लागू पडते, कारण रांगेतील सर्व वाघिणी सारख्या वजनाच्या असल्या की गाडी उलटी ढकलतानाही वळणावर चाके उतरत नाहीत.

रुळांबाबत मी तडजोड केलेली नाही. बाजारात सहज मिळणारा कोड ५५ चा (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात रुळाची उंची) रूळ १.४ मिलिमीटर उंच असतो आणि १:८७ च्या हिशेबाने तो खऱ्या आकारात १२२ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे मुख्य मार्गाला शोभेल असा जाडजूड रूळ दिसतो. ३० पौंडी रूळ सुमारे ३ इंच उंच असल्याने त्याला कोड ४० च जवळचा आहे. तो स्लीपरवर एकेक करून डागावा लागतो आणि काम किचकट आहे, पण ज्या रेल्वेचे सगळे अर्थकारण हलक्या रुळावर उभे होते तिच्या नमुन्यात जाड रूळ घालणे मला पटत नाही.

धक्क्याच्या पलीकडची बाजू अधिक वेळखाऊ ठरली. १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.२६ मिलिमीटर होतो, तर १:८७ च्या नमुन्यांसाठी तयार मिळणारा एच. ओ. रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे ब्रॉडगेजपेक्षा अरुंद अशा स्टँडर्ड गेजचा असतो. भारतीय ब्रॉडगेज करणारे अनेक मित्र १६.५ वरच समाधान मानतात आणि केवळ मुख्य मार्ग दाखवायचा असेल तर ते योग्यही आहे. कुर्डुवाडीत मात्र दोन्ही गेज एकाच धक्क्याला शेजारी-शेजारी उभे असल्याने त्यांच्यातला फरक हाच देखाव्याचा गाभा ठरतो. म्हणून ब्रॉडगेजची एक बाजू मी हाताने १९.२६ मिलिमीटरवर टाकली आणि तिच्यासाठी दोन वाघिणींचे आस रुंद करून घेतले.

हा धक्का या रेल्वेच्या सोयीची आणि अडचणीचीही जागा होता. लातूर-बार्शीकडून आलेली प्रत्येक कापसाची गाठ आणि प्रत्येक पोते इथे उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. मुंबईकडून येणारे मीठ, रॉकेल आणि लोखंडी सामान यांनाही तोच फेरा चुकत नसे. दोन्ही वाघिणींच्या तळाची पातळी सारखी नसल्याने हमालांना फळ्या टाकून माल न्यावा लागतो, हे दाखवण्यासाठी धक्क्यावर कलत्या फळ्या ठेवल्या आहेत. हलक्या मार्गाने वाचवलेल्या भांडवलातला काही भाग या मजुरीत आणि खोळंब्यात परत जात असे, आणि नमुन्यावर गाड्या चालवण्याचा खेळ खेळताना तो खर्च जाणवावा अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी प्रत्येक वाघिणीला मालाचे एक कार्ड दिले आहे. ते कार्ड ब्रॉडगेजच्या वाघिणीवर चढल्याशिवाय नॅरोगेजची वाघीण रिकामी धरली जात नाही, त्यामुळे धक्का तुंबला की बार्शीची गाडी थांबते.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगतो. १९०६ मध्ये पंढरपूर जोडले गेले, दुसऱ्या दिशेने मार्ग तडवळ्यापर्यंत जाऊन १९११ मध्ये निजामाच्या मुलखातील लातूरला पोहोचला, आणि १९२७ मध्ये पंढरपूर–मिरज पुरे झाल्यावर एकूण लांबी २०२ मैल झाली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि आज हे सर्व मार्ग ब्रॉडगेज झालेले आहेत. वारीची वाहतूक हा स्वतंत्र विषय असल्याने मी ती या नमुन्यात घेतलेली नाही. माझा कालखंड १८९७ ते १९०६ एवढाच, म्हणजे कुर्डुवाडी आणि बार्शी ही दोन टोके जोडणाऱ्या मूळ २१ मैलांचा आहे.

आता इंजिनाची पाळी आहे. लीड्सच्याच किटसन कंपनीने बांधलेले ०-८-४ टँक इंजिन (आठ जोडचाके, मागे चार चाकांची बोगी आणि पाणी इंजिनावरच) हे ५ टनी नियमाचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे, कारण चार जोडचाकी आसांवर मिळून २० टनांपर्यंतच भार घेता येतो आणि त्यापुढचे वजन मागच्या बोगीवर सोपवावे लागते. एन गेजच्या आठचाकी यंत्रणेवर मोटर पुढच्या अंगाला बसवून मागची बोगी मोकळी ठेवण्याचा माझा विचार आहे, म्हणजे नमुन्यातही ओढ जोडचाकांवरच येईल. चाकांचा व्यास आणि आसांमधील अंतर यांच्या रेखाटनावर सध्या काम चालू असून ते जुळले की सांगाड्याची पितळी पट्टी कापायला घेईन.