'यू' नसलेलं पत्र

नववीला औपचारिक इंग्रजी मी बरीच वर्षं एकाच पद्धतीने शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने. डावीकडे बोलण्यातले शब्द, उजवीकडे पत्रातले: गेट–ऑब्टेन, बाय–पर्चेस, पुट ऑफ–पोस्टपोन. 'डोन्ट' दिसलं की 'डू नॉट' करायचं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, म्हणून उजवीकडचे शब्द बहुतेक फ्रेंच-लॅटिन घराण्यातले, हेही सांगायचे. मुलं रकाने पाठ करायची, मार्कही मिळवायची.

त्या दिवशी विषय होता, ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं ठेवण्यासाठी मुख्याध्यापकांना पत्र. एका मुलाने लिहिलं, 'यू मस्ट एक्स्टेंड द लायब्ररी आवर्स इमिजिएटली.' मी खाली लाल रेघ मारली. तो वही घेऊन टेबलाशी आला.

"बाई, जरा विचारायचं होतं. सगळे शब्द उजव्या रकान्यातलेच आहेत. मग चुकलं कुठे?"

त्याचं बरोबर होतं. माझ्या रकान्यांच्या हिशेबाने चूक कुठेच नव्हती, आणि तरी ते पत्र म्हणजे हुकूम होता. काय सांगावं ते मला पटकन सुचेना. मग त्याचंच वाक्य कानात घुमलं. विचारायचं 'होतं'. विचारायचं तर आत्ता होतं!

मी वर्गाला म्हटलं, "हा 'होतं' का म्हणाला?" थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, "'आहे' म्हटलं तर अंगावर आल्यासारखं वाटतं."

इथून पुढचा तास मुलांनीच चालवला. 'कॅन'चं 'कुड', 'विल'चं 'वुड' होतं ते काळासाठी नाही, एक पाऊल मागे सरून बोलण्यासाठी, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' आहेत. इंग्रजीतलं एकेरी 'दाउ' रोजच्या बोलण्यातून गेलं, उरलं एकटं 'यू'. मग आदर ठेवायचा कुठे? क्रियापदात आणि वाक्याच्या बांधणीत.

उलटा प्रयोगही केला. वही दिल्याबद्दल मैत्रिणीला चिठ्ठी, पण उजव्या रकान्यातल्या शब्दांत. 'आय एक्सप्रेस माय सिन्सिअर ग्रॅटिट्यूड' वाचून वर्ग हसला. एक मुलगी मात्र हसली नाही. "हे वाचून तिला वाटेल, मी तिच्यावर रागावलेय," ती म्हणाली. इतकं नेमकं मला इतक्या वर्षांत सांगता आलं नव्हतं.

घंटा झाल्यावर तो मुलगा पुन्हा आला. नवं वाक्य होतं: 'आय वुड बी ग्रेटफुल इफ द लायब्ररी कुड रिमेन ओपन अंटिल फाइव्ह.'

"बाई, बघा," तो वाक्यावरून बोट फिरवत म्हणाला, "यात 'यू' कुठेच नाही."