तुम्ही विचारलंत म्हणून: शंभरवालं पेट्रोल टाकू का?

रविवारी पार्किंगमध्ये गाडी धुवायला काढली की हमखास कुणीतरी थांबतं. "हिला कुठलं घालता हो? शंभरवालं?" माझी गाडी २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस, दोन लिटर टर्बो, सेकंड हँड घेतलेली. म्हणजे १०० ऑक्टेनचं, सगळ्यात महागडं पेट्रोल. एका शब्दात सांगायचं तर नाही. पण मधली दीड वर्षं माझं उत्तर 'हो' होतं, आणि ते चांगलंच महागात गेलं.

पंपावर महागडं पेट्रोल खपवायला "पॉवर टाकू का साहेब?" असं विचारतात ना, सगळा घोळ त्या शब्दाने केलाय. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, सबुरी. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, तापतं, मग ठिणगी पडते आणि आग एका बाजूने पसरत जाते. कमी ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण पेटतं. चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनातून खडखड येते ती हीच, नॉकिंग. टर्बो हवा आणखी कोंबतो, म्हणून अशा इंजिनाला सबुरीचं पेट्रोल लागतं. ज्या इंजिनात तेवढा दाबच नाही त्याला १०० पाजून काही होत नाही. स्प्लेंडरमध्ये पॉवर घालणाऱ्या मित्राला हे सांगून मी थकलो. "पिकअप वाढतो," म्हणतो. वाढो बापडा.

किती सबुरी हवी ते गाडीवरच लिहिलेलं असतं. माझ्या टाकीच्या झाकणाच्या आत ९५ आहे, शेजारी 'आरओझेड'. ते जर्मन लघुरूप, म्हणजे आपला आरओएनच, आपल्याकडे पेट्रोलचं ऑक्टेन सांगतात तो आकडा. न्यू जर्सीचा मावसभाऊ मला हिणवायचा, "आम्ही ९३ घालतो, तुमची ९५ ची चैन कशाला?" तिकडे पंपावर दोन पद्धतींनी काढलेल्या आकड्यांची सरासरी लावतात. त्याचं ९३ आपल्याकडे ९७-९८ च्या घरात जातं. चैन त्याचीच चाललीये.

आता माझा शहाणपणा. गाडी घेऊन सहा महिने झाले नाहीत तोच मी रिमॅप करून घेतला, म्हणजे जोर वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून घेतली; त्यातली पहिली पायरी, स्टेज वन. ट्यूनरने लॅपटॉप लावला, टर्बोचा दाब वाढवला, ठिणगी थोडी आधी पडेल असं केलं आणि बजावलं, "आता शंभरशिवाय काही टाकायचं नाही." इंडियन ऑइलने एक्सपी१०० आणलं २०२० च्या डिसेंबरात, पहिल्या शहरांत मुंबई-पुणे होतंच. भाव लिटरला १६०, आणि तेव्हा साधं पेट्रोल नव्वदीच्या आसपास. गाडी मात्र अशी पळायची की पहिले दोन महिने हिशोबच केला नाही.

मग मे महिन्यात आम्ही चौघं सामानसुमान घेऊन गुहागरला गेलो. जाताना पुण्यात भरलेलं १०० होतं, कुंभार्ली घाट लोण्यासारखा उतरलो. परतीला टाकी तळाला, आणि मी विचारलेल्या एकाही पंपावर १०० नाही. चिपळूणला साधं भरलं. एसी चालू, बाहेर काहिली, आणि तोच घाट आता चढायचा. हल्लीच्या इंजिनांत नॉक सेन्सर असतो. खडखडीची चाहूल लागली की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, इंजिन वाचतं पण जीव जातो. गाडी रिमॅपच्या आधी होती त्याहून मठ्ठ झाली. एका वळणावर मालाच्या टेम्पोने मला मागे टाकलं, आणि मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, बिघडली का?"

घरी येऊन वही काढली. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला दहाचं ॲव्हरेज, म्हणजे १०० लिटर. तोवर साधं महागलं होतं, म्हणून शंभरवालं साध्यापेक्षा लिटरला ५५ रुपयांनीच महाग धरलं तरी महिन्याला साडेपाच हजार जास्त, वर्षाला ६६ हजार. एवढं कशासाठी, तर शहरात सिग्नलपासून सिग्नलपर्यंत जोरात जायला. पुढच्याच आठवड्यात गाडीत मूळ फाइल परत घालून घेतली.

त्यानंतर साध्या पेट्रोलमध्ये मिसळू लागलेल्या इथेनॉलने गणित पुन्हा बदललं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर पूर्वीचं ९१ चं साधं पेट्रोल ९५ झालंय, असं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे झाकणावरची अट साध्यानेच भागते. 'प्रीमियम ९५' ला लिटरमागे सात-आठ रुपये जास्त देतो ते ऑक्टेनचे उरलेच नाहीत, इंजेक्टर साफ ठेवणाऱ्या रसायनाचे आहेत. ॲव्हरेज मात्र थोडं पडतं, कारण लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश.

तरी मी प्रीमियमच भरतो. महिन्याचे आठशे रुपये. त्यात शास्त्र थोडं, भित्रेपणा जास्त. उन्हाळ्यात घाटातून जायचं असेल तर ५० लिटरच्या टाकीत अर्धं १०० आणि अर्धं ९५. दोन्ही मिळून साधारण साडेसत्त्याण्णव होतं, मावसभावाइतकं. काउंटरवरच्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांना मी हात लावत नाही. त्या पैशांत शंभरवालं दोन-चार लिटर जास्त येतं.

मूळ फाइल परत घालायलाही ट्यूनरने पैसे घेतले. किती, ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि घरीही अजून कुणी विचारलेलं नाही.