नकाशाची शिवलेली कड

ग्रामपंचायतीच्या खोलीत प्रोजेक्टर लावला तेव्हा मी भलतीच खुशीत होते. गावातल्या बोअरचं मॉडेल नेटलोगोत बांधलं होतं. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्तस्रोत, म्हणून आमच्यासारख्यांना परवडतं. जमिनीचा प्रत्येक चौकोन म्हणजे पॅच, त्यात पाणी. शेतकरी म्हणजे टर्टल, नेमून दिलेल्या नियमाने वागणारा ठिपका. शेजाऱ्याने बोअर खोल नेला की हाही नेणार, एवढाच नियम. पाणी ‘डिफ्यूज’ या आज्ञेने भोवतीच्या आठ चौकोनांत झिरपायचं.

यातून एक अजब गोष्ट निघाली होती. पूर्वेला, ओढ्याकडे बोअर खोल गेले की आटायचे ते पश्चिमेचे, डोंगराच्या पायथ्याचे. मधला पट्टा शाबूत. चारशे वेळा चालवलं, तरी तेच. नियमांत न लिहिलेलं काहीतरी आपसूक उगवतं, त्यासाठीच तर ही मॉडेलं करायची! अहवालात मी ते ठळक अक्षरांत घातलं होतं.

पुढच्या रांगेतले तात्या म्हणाले, “ताई, त्यो लाल ठिपका माझा ना?”

“हो.”

“मग माझं पाणी ओढ्याकडं गेलं कुठनं? मधल्यांच्या बोअरला तर पाणी हाय.”

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

नेटलोगोत नवं मॉडेल उघडलं की उजवी कड डावीला आणि वरची खालच्या कडेला आधीच जोडलेली असते. पाखरांच्या थव्याला ते ठीक. थवा भिंतीवर आपटत नाही. गावाला मात्र शीव असते. माझ्या मॉडेलात ओढ्याकाठचा बोअर डोंगराच्या पायथ्याचं पाणी पाठीमागून ओढत होता. दोघा सहकाऱ्यांनी कोड ओळ न् ओळ तपासला होता, पण त्यांना सापडणार काय? कडा जोडायची टिकेची खूण कोडच्या पानावर नसतेच, सेटिंग्जमध्ये असते, आडव्या कडांची एक, उभ्यांची एक.

सगळ्यांच्या देखत दोन्ही खुणा काढल्या आणि पुन्हा चालवलं. तात्यांचा ठिपका निळाच राहिला. लाल झाला तो ओढ्याच्या अलीकडचा पट्टा, ज्याला मी अर्ध्या तासापूर्वी सुरक्षित म्हटलं होतं.

खिडकीपाशी एक तरुण इतका वेळ मोबाइलमध्ये होता. त्याने खुर्ची पुढे ओढली. “मॅडम, परत एकदा दाखवा.”