ब्रेडचं मशीन घेतलंत? मग झाकण उघडून बघत जा

परवा मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "अगं, तुझा ब्रेड वरून खचतो का गं? माझा दर वेळी मधोमध बसतोय."

"ताई, पाणी किती घालता?"

"पुस्तकात दिलंय तेवढंच."

गोम तिथेच आहे. या मशीनसोबतचं पुस्तक बऱ्याचदा परदेशातल्या ब्रेडच्या पिठाला धरून लिहिलेलं असतं. आपल्या मैद्याला तेवढं पाणी झेपत नाही. मग ब्रेड भरभर फुगतो आणि भाजताना खचतो. कणकेचं नेमकं उलट. चक्कीच्या दगडांखाली गव्हातला स्टार्च जास्त तुटतो, वर कोंडाही असतो, त्यामुळे कणीक भसाभस पाणी पिते. तेच माप घातलं की वीट तयार! ४०० ग्रॅम मैद्याला मी २५० मिलीच्या आसपास पाणी घेते, तेवढ्याच कणकेला ३०० किंवा थोडं जास्त. कप-वाट्यांच्या भानगडीत न पडता वजनकाट्यावर मोजते.

पण आकड्यांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. मळणं सुरू होऊन आठ-दहा मिनिटं झाली की झाकण उघडा. मळताना उघडलं तर काही बिघडत नाही. शेवटचं फुगणं आणि भाजणं सुरू झालं की मात्र हात आवरायचा. आत एकच गोळा पात्याबरोबर फिरताना दिसला पाहिजे आणि भांड्याच्या कडा स्वच्छ हव्यात. पातं थांबलं की बोट लावून बघा, कानाच्या पाळीसारखा मऊ लागला की झालं. गोळा ठोकळ्यासारखा आपटत असेल तर चमचाभर पाणी, तळाशी लगदा पसरला असेल तर चमचाभर मैदा. कणकेचा गोळा किंचित चिकटच राहू द्या, कोंडा सावकाश पाणी ओढतो. मला विचारल्या जाणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या गोळ्यातच असतात.

आमच्या नागपुरात मे महिन्यात आणखी एक गोष्ट लागते, फ्रीजमधलं थंडगार पाणी. पारा ४४-४५ वर असताना नळाचं पाणी घातलं तर यीस्ट सुसाट सुटतं. यीस्टचं फोडलेलं पाकीटही ओट्यावर ठेवू नका, घट्ट डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका. रात्री टायमर लावणार असाल तर खाली पाणी, वर पीठ आणि पिठात खळगा करून त्यात यीस्ट. मीठ एका कोपऱ्यात. उन्हाळ्यात रात्रभर दूध ठेवायचं नाही, दुधाची पावडर चालते.

"लाइन गेली तर?" बऱ्याच मशीनना काही मिनिटांपुरतं लक्षात राहतं, किती ते तुमच्या पुस्तकात बघा. मळतानाच गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. पीठ फुगून तयार असेल तर लाइन आल्यावर फक्त भाजण्याचा प्रोग्रॅम लावा, तो बहुतेक मशीनमध्ये असतो.

ब्रेडच्या बुडाला पात्याचं भोक पडतं, यावरून आमच्या घरी बरीच कुरकुर झाली. शेवटचं मळणं संपल्यावर ओल्या हातानं पातं काढून घेतलं की भोक अगदी बारीक राहतं. भांड्यातच अडकलं तर कोमट पाणी भरून ठेवा. सुरी-उलथनं घालून उचकटलंत तर भांड्याचं कोटिंग गेलं म्हणून समजा.

आणि गरम ब्रेड कापायची घाई नको. तासभर जाळीवर निवू दे, नाहीतर आतून गिच्च लागतो.

"यात लादी पाव होतो का?" होतो, पण अर्धाच. पीठ मळून फुगवण्याचा प्रोग्रॅम लावायचा, मग गोळे करून ट्रेमध्ये एकमेकांना खेटून ठेवायचे, पुन्हा फुगले की ओव्हनमध्ये भाजायचे. चव छान येते. पण घरी वीस माणसं पावभाजीला असली की मी सरळ बेकरीत जाते.